श्वास घे गो बाय

आमच्या घरात शिवणयंत्राचा आवाज बंद झाला की मी हातातलं काम तिथंच टाकते. दूध उतू जाऊ दे, भात करपू दे. मुलगी आतल्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करते. यंत्राला आधी मोटर होती, ती आम्ही काढली आणि पायावर चालेलसं करून घेतलं. कारण मोटर असली तर माणूस पडलं आणि पाय पेडलवर आखडून राहिला तरी यंत्र धावत राहतं. पायाचं कसं, पाय थांबला की यंत्र थांबतं. यंत्र थांबलं की मी धावते.

मुलीला फिट येतात. आमच्याकडे जुनी माणसं फेफरं म्हणायची, डॉक्टर अपस्मार म्हणतात. नाव काही असो. हातपाय वाकडे होतात, डोळे फिरतात, ते सगळ्यांना दिसतं. जे कोणाला दिसत नाही ते मी सांगते, आणि त्याच्यासाठीच हे लिहायला बसले आहे. फिट येताना तिचा श्वास थांबतो. हातपाय आखडायच्याही आधी. आणि तिला ते कळत नाही. घुसमट होत नाही, जीव घाबरा होत नाही, काही म्हणजे काही नाही. कोणीतरी जवळ असावं लागतं, ज्याला ते कळेल. ती मी. माझं वय आता उतरणीला लागलं. मग माझ्यामागे कोण? ह्या एका प्रश्नाने माझी झोप गेली, जेवण गेलं, आणि देवावरचा राग तर इतका वाढला की सकाळी दिवा लावते तोही तोंड फिरवून.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण वाचायची खोड होती, त्यातून लिहिता येऊ लागलं. मुलगी म्हणते, "बोलतेस तसंच लिही, आई, फक्त मध्ये कधीतरी थांब." तर थांबत थांबत लिहिते.

तिचा श्वास मला कसा कळला, त्याला कारण आहे माझं माहेर. पूर्णगडच्या खाडीकाठचं. आमच्या बायका ओहोटीला तिसऱ्या काढायला जायच्या. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, खाडीच्या चिखलात असतात. काठाकाठाने काढायच्या त्या सगळ्याच काढतात. पण मोठ्या, भरलेल्या तिसऱ्या असतात आत, छातीभर पाण्यात. तिथं पायाने चाचपायचं, लागल्या की बुडी मारायची आणि हातांनी उकरायच्या. हे काम एकटीने करायचं नाही, जोडीनेच. एक खाली जाणार, दुसरी वर उभी. खालचीच्या कमरेला दोर, त्याचं टोक वरचीच्या मनगटाला. आणि आमच्यात रीत अशी होती, की खालची बुडाली त्या क्षणी वरचीनेही श्वास धरायचा. वर उभं राहून, नाक पाण्याबाहेर असताना. स्वतःची छाती भरून आली, आता राहवत नाही असं झालं, की दोर ओढायचा.

माझी जोडी आत्याबरोबर. एकदा मी खाली गेले आणि हाताखाली अशा काही तिसऱ्या लागल्या, जणू कोणी परसात पेरून ठेवल्या होत्या. मी उकरतेय, उकरतेय. तेवढ्यात कमरेला हिसका. वर आले ती भांडतच, "आत्ये, आत्ताच तर गेले होते! केवढ्या होत्या तिथं!"

आत्याने ओल्या हाताने एक ठेवून दिली. "तोंड बघ आरशात, निळं पडलंय. खालचीला कळत नाही गो. कळत असतं तर मला इथं उभी कशाला केली असती, कावळे मोजायला?"

लग्न होऊन रत्नागिरीत आले, खाडी सुटली. पण ती सवय अंगातून गेली नाही. पोर आजारी पडलं, ठसकलं, तरी माझा श्वास आपोआप धरला जायचा. मुलगी शाळेत असताना तिला पहिली फिट आली, ओटीवर बसून पुस्तक वाचताना. मी समोर तांदूळ निवडत होते. ती पुस्तकातून वर बघायला लागली, कुठं तरी लांब. ओठ चाटल्यासारखे हलले. मला वाटलं काही आठवतेय. पण माझा श्वास धरला गेला होता, का ते मला कळलं नाही. मग छाती भरून आली, मी श्वास सोडला, घेतला, आणि पाहिलं तर पोरीची छाती हलतच नाहीये. आणि मग ती वाकडी झाली.

तेव्हापासून आमच्या घरी एक नाटक सुरू झालं. फिट आली की माणसं धावायची. एकीच्या हातात कांदा फोडलेला, दुसऱ्याच्या हातात चामड्याची चप्पल, तिसरा किल्ल्यांचा जुडगा घेऊन. शेजारच्या चाचीचा कांदा सगळ्यांत आधी पोचायचा. चाची म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची, नवरा जहाजावर असायचा, आता घरी आहे. ती बुक्कीने कांदा फोडायची आणि पोरीच्या नाकावर दाबून धरायची. "वास घे, बेटा, वास घे!" आणि सगळे वाट बघत उभे. दाबून धरलेल्या नाकाने पोरगी वास कसा घेणार? जी श्वासच घेत नाही ती वास कशाने घेणार? मी म्हणायचे, "अहो, श्वास थांबलाय तिचा." तर म्हणायचे, "म्हणून तर कांदा." थोड्या वेळाने फिट आपली आपण ओसरायची, श्वास घर्रकन यायचा, आणि चाची कांदा वर धरून सगळ्यांना दाखवायची, जिंकलेल्या पैलवानासारखी.

गोळ्या सुरू झाल्या. एक गोळी, मग दोन, मग डब्यात खण करून ठेवाव्या लागतील इतक्या. लग्नाचं वय आलं आणि गेलं. बघायला आलेल्या माणसांना आम्ही आधीच सांगायचो, ती चहा पिऊन जायची. मुलगी म्हणायची, "आई, पुढच्या वेळी चहाच्या आधी सांग, साखर तरी वाचेल." हसायची. ती अशीच आहे. तिने स्वतःसाठी रडलेलं मी फार बघितलं नाही. माझंच सगळं रडणं.

शेवटी मुंबईला नेलं. मोठं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरीण बाई माझ्या मुलीपेक्षा लहान असाव्यात. पण बोलायला मऊ, आणि मुख्य म्हणजे ऐकून घ्यायच्या. मी सांगितलं, श्वास आधी थांबतो. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "हो, असं होतं. काही जणांमध्ये तीच पहिली खूण असते. कुठून सुरू होतं ते बघू या." मला इतकं बरं वाटलं की तिथंच हुंदका आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी हो म्हणालं होतं.

मुलीच्या डोक्यात बारीक तारा घातल्या. हाडाला भोकं पाडून. मी ते बघितलं नाही, नंतर बघितलं, डोक्याला पांढरं गुंडाळलेलं आणि त्यातून रंगीबेरंगी वायरी मागे निघालेल्या, वेणीसारख्या. छातीला पट्टा, नाकाशी नळी. समोर पडद्यावर रेषा. त्यातली एक रेषा तिच्या श्वासाची, वर-खाली, वर-खाली, संथ भरतीसारखी.

डॉक्टरीण बाईंनी मला आधी समजावलं. आपल्या मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी, श्वास चालवणारी जागा असते. आपण झोपलो, विसरलो, तरी ती काम करत राहते. पण तिच्यावर, कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर एक छोटीशी जागा आहे. भीती, वास, मनाची घालमेल, ह्यांच्याशी तिचा संबंध. "बदामाएवढी असते," त्या म्हणाल्या.

मुलगी पलंगावरून म्हणाली, "मॅडम, आम्ही रत्नागिरीची माणसं. काजूगर म्हणा, आईला पटकन कळेल."

बाई हसल्या. "बरं, काजूगराएवढी. फिटची लाट तिथवर गेली की ती जागा खालच्या श्वासाच्या जागेला गप्प बसवते, असं आम्हाला दिसतं. आज आम्ही त्या जागेला अगदी थोडा करंट देऊन बघणार आहोत. केव्हा देतोय ते तिला सांगायचं नाही. तुम्ही फक्त शांत बसा."

मी पलंगाचा दांडा धरून बसले. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या इमारतीवर कोणीतरी चादर वाळत घालत होतं. बाईंनी मशीनवरच्या माणसाला खूण केली. आणि ती रेषा, वर-खाली जाणारी, सपाट झाली. एकदम सपाट. खाडीत वारा पडावा तशी. माझा श्वास धरला गेला. मी मुलीच्या चेहऱ्याकडे बघते, तर ती तशीच, निवांत. चादरवालीकडे बघतेय. रेषा सपाट. माझी छाती भरून आली. तिच्या चेहऱ्यावर कशाचाही पत्ता नाही. मला ओरडायचं होतं, बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि तिला म्हणाल्या, "तोंडाने एक श्वास घ्या बघू."

तिने घेतला. सहज, कोणी पाणी पुढे केलं आणि प्यायलं तसा. रेषा वर गेली. मग त्यांनी करंट बंद केला, रेषा पुन्हा चालू लागली.

"काही वाटलं? गुदमरल्यासारखं? भीती?"

मुलीने मान वळवून विचारलं, "सुरू कधी करणार?"

बाय माझी. सुरू कधी करणार म्हणे. मी फिटमध्ये तिला इतकी वर्षं बघितलं, पण असं हादरले नव्हते. फिटमध्ये ती वेगळीच कोणी असते. इथं ती माझीच मुलगी होती, चांगली शुद्धीवर, थट्टा करणारी, आणि तिचा श्वास बंद झाला होता आणि तिला त्याची खबर नव्हती. आपल्याला जरा श्वास कोंडला तर जीव कसा तळमळतो! ती तळमळच देवाने आपल्याला राखणीला ठेवली आहे. तिची राखणच झोपी जाते. चोर येतो आणि कुत्रं भुंकत नाही.

मी बाईंचा पदर धरावा तसा कोट धरला. "तेवढा काजूगर काढून टाका ना."

त्या खाली बसल्या, माझ्या खुर्चीपाशी. "आजी, एका बाजूचा असता तर काढता आला असता. हिच्या फिट दोन्ही बाजूंनी सुरू होतात. दोन्ही काढता येत नाहीत."

"मग माझा काढून तिला घाला. मला आता काय करायचाय?"

"तसं होत नाही, आजी."

"पण तुम्ही श्वास घे म्हणालात आणि तिने घेतला. म्हणजे सांगितलं तर ती घेते."

त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं, आता वाटत नाही. म्हणाल्या, "आता ती शुद्धीत होती, म्हणून ऐकू आलं. लहान फिटमध्ये कदाचित ऐकू येईल. मोठ्या फिटमध्ये तुमची हाक पोचत नाही. तेव्हा कुशीवर वळवायचं, नाकातोंडाशी काही धरायचं नाही, पालथं झोपू द्यायचं नाही. फिट संपली की पाठ चोळायची, हाक मारायची, श्वास येतोय ना बघायचं. लांबली तर गाडी बोलवायची. आणि शक्यतो कोणीतरी जवळ असावं."

कोणीतरी. तो शब्द घेऊन मी रत्नागिरीला परत आले.

आणि मग मी वेड्यासारखी वागले, ते लिहिते. न्हाणीघराची कडी काढली. ती देवळात निघाली की मी मागे. ती झोपली की मी उशाशी, तिच्या नाकासमोर हात. एक दिवस मी माझ्या मनगटाला साडीचा काठ बांधला आणि दुसरं टोक तिच्या मनगटाला बांधायला गेले, पूर्वीच्या दोरासारखं. तिने हात ओढून घेतला.

"मी काय तिसऱ्या काढायला चाललेय?"

"नुसता बांधू दे गो, मला बरं वाटेल."

"आई, मी चाळिशीला आले. तू मला दोराला बांधून फिरवणार? आणि मला एक सांग, वरचीच आधी गेली तर खालचीने काय करायचं?"

"तोंड सांभाळ."

"सांभाळलं. आता सांग."

आत्याने ते कधी सांगितलंच नव्हतं. आमच्या खाडीत वरची मरत नसे, ती पाण्याबाहेर होती ना.

मग मुलीनेच एक तोडगा काढला. ती यंत्र थांबवेल तेव्हा आतून ओरडून सांगायचं, का थांबवलं ते. "दोरा संपला!" "सुई बदलतेय!" "कंटाळा आला!" आवाज आला की मी बसायचं. नाही आला की धावायचं. दिवसभर आमच्या घरात हा आरडाओरडा. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं घरात भांडणं चाललीत.

पण मला आणखी एक गोष्ट कळायला लागली होती, ती मी तिला सांगितली नव्हती. माझा श्वास आखूड झाला होता. पायऱ्या चढले की धाप. फिट आली की मी सवयीने श्वास धरायचे, आणि तिचा सुरू व्हायच्या कितीतरी आधी माझा संपायचा. पूर्वी दोघींचा साधारण बरोबर यायचा. आता माझा संपून, दुसरा घेऊन, तो संपून, तरी तिची छाती थंड. वरचीचाच श्वास कमी पडायला लागला तर दोर ओढायचा कधी? आणि ओढायला दोर होता कुठं? मी देवाला, आत्याला, मेलेल्या नवऱ्याला, सगळ्यांना विचारून बघितलं.

आणि मग ती दुपार. चाची नातीची ओढणी पिकोला घेऊन आली होती, आणि उंबऱ्यावरच बसून मला तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगत होती. आत यंत्र चालू. यंत्र थांबलं. मी आवाजाची वाट बघितली. चाची बोलतच होती, "आणि वर मला म्हणते, अम्मी, तुम्हाला फोन लावता येत नाही..." आवाज आला नाही. मी धावले.

मुलगी खुर्चीत, मान मागे, डोळे वर. मी तिला खाली घेतलं, कसं घेतलं मला माहीत नाही. "श्वास घे गो बाय. बाय, श्वास घे." मग ती आखडली. मोठी फिट. मी श्वास धरला होता, आणि ह्या वेळी ठरवूनच, सोडायचा नाही. काय मनात आलं असेल माझ्या? बहुतेक हेच, की ती घेईल तेव्हाच मी घेईन. नाहीतर नको. तिचे ओठ जांभळे होत गेले. हातपाय झटकायचे थांबले, ती सैल पडली, आणि श्वास नाही. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली, डोळ्यांपुढे काळे ठिपके. मला तिला कुशीवर वळवायचं होतं. हात उचलेना.

पुढचं मला चाचीने सांगितलं. मी तिच्या बाजूला कोसळले. दोघी जमिनीवर, दोघींचे ओठ जांभळे. चाची किंचाळली, "या अल्ला, दोघी गेल्या!" पण ती नुसती किंचाळत बसली नाही. मुंबईहून आल्यावर मी तिला दहा वेळा सांगितलं होतं, आणि ती दहा वेळा "हो गो, कळलं" म्हणून उडवून लावायची, ते तिने केलं. मुलीला कुशीवर वळवलं, पाठ चोळली, जोरजोरात, आणि ओरडली, "श्वास घे! बेटा, घे श्वास! नाहीतर तुझी आई पण घेत नाही बघ!"

घर्रकन आवाज आला. तो मला ऐकू आला, लांबून, पाण्याखालून ऐकावं तसा.

मी शुद्धीवर येत होते तेव्हा नाकात काहीतरी झणझणलं. डोळे उघडते तर चाचीने ओट्यावरचा कांदा फोडून माझ्या नाकावर दाबून धरला होता. मुलीला लावायचा नाही हे तिला पाठ झालं होतं. माझ्याबद्दल मी काही सांगितलं नव्हतं ना.

आणि बाजूला मुलगी, अजून धड शुद्धीत नाही, जीभ जड झालेली, एक हात माझ्याकडे लांबवून चाचीला म्हणत होती, "कांदा काढ... चाची... तिला श्वास घेऊ दे."

मग माझ्याकडे बघून, "आई. घे."

मी घेतला.

संध्याकाळी ती बरीच भानावर आली. चाची तिच्या पायांशी बसून होती, घरी जायचं नाव नाही. मुलीला झालेलं काही आठवत नव्हतं, चाचीनेच सगळं सांगितलं, मीठमसाला लावून. ऐकता ऐकता मुलीचा चेहरा बदलला. आणि ती रडली. इतक्या वर्षांत न रडलेलं सगळं.

"तू श्वास धरतेस? अजून? प्रत्येक वेळी?"

"सवय आहे गो."

"तू धरलास तर मला सांगणार कोण, आई? मला तर कळत नाही. निदान तुला तरी कळू दे."

चाची म्हणाली, "मी आहे ना." मुलगी तिच्याकडे बघून ओल्या डोळ्यांनी हसली. मला हसता आलं नाही. चाची माझ्याहून धाकटी असली तरी किती, तिचेही गुडघे गेलेत.

तर असं आहे. उत्तर मिळालं म्हणून मी हे लिहीत नाही, उत्तर नाहीच. नव्या गोळ्या चालू आहेत, फिट थोड्या कमी आहेत, डॉक्टरीण बाई फोनवर बोलतात. चाचीच्या सुनेला मी बोलावून दाखवलं, कुशीवर कसं वळवायचं, पाठ कुठं चोळायची. तिने माझ्यावरच करून बघितलं, माझ्या बरगड्या दुखल्या. पिकोला येणाऱ्या बायकांना मी बळेच सांगते. काही ऐकतात, काही साडी उचलून निघतात. निघणाऱ्यांनाही दारापर्यंत जाऊन सांगते. मला लाज वाटत नाही. कोणी कधी तिच्याजवळ असेल हे मला ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांना सांगायचं.

आणि श्वास धरायचा नाही, हे शिकतेय. कठीण आहे. तिची छाती थांबते तेव्हा माझी चालू ठेवणं म्हणजे तिला सोडून आपण काठावर निघून यावं तसं वाटतं. तरी घेते. मोठ्याने घेते, तिच्या कानाशी, म्हणजे ऐकू येत असलंच तर ऐकू यावं.

आता हे लिहिते आहे आणि आत यंत्र चालू आहे. लांब साडी असावी, कधीचं थांबलं नाही.

थांबलं.

मी पेन खाली ठेवलं.

"बॉबिन भरतेय!" आतून आवाज आला. आणि लगेच, "श्वास घे गो, आई!"